वाटेचा वाटाड्या, सोंगाचा सोंगाड्या

शाळेला जायच्या वेळी पोट धरून बसलेल्या पोराला चाळीसगावाकडच्या घरांत विचारतात, "कसाले सोंग करस रे?" अहिराणीतल्या या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही. पोट दुखत नाही हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं आणि पोरालाही. मात्र विचारणारा तोच माणूस जत्रेच्या दिवसांत तंबूच्या दारावर तिकीट काढतो, मांडी घालून बसतो आणि पहाटेपर्यंत दुसऱ्या कुणाचं तरी सोंग बघतो. ते फसलं तर शिट्ट्या मारतो, वठलं तर पुढे महिनाभर पारावर त्याच्या नकला करतो. जे केल्याबद्दल घरी पाठीत धपाटा बसतो, त्याच कामावर तंबूत एका माणसाचं पोट चालतं. त्या माणसाला मराठीत सोंगाड्या म्हणतात.

शब्दाची घडण साधी आहे. वाट दाखवतो तो वाटाड्या, तसा सोंग करतो तो सोंगाड्या. या दोघांखेरीज अशा घडणीचे शब्द मराठीत फारसे आठवत नाहीत, म्हणून मला ते सख्खे भाऊ वाटतात. 'सोंग' हा शब्द सहसा 'स्वांग'शी जोडतात. हिंदीतला स्वांग, हरियाणातला 'सांग' हा लोकनाट्याचा प्रकार आणि आपलं सोंग ही सगळी एकाच घरची माणसं. 'स्वांग' फोडला तर स्व आणि अंग, म्हणजे स्वतःचं शरीर. दुसऱ्याचं रूप घेण्याला 'स्वतःचं अंग' असं नाव पडावं हे आधी विचित्र वाटतं. पण सोंगाड्याचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना नाही वाटणार. त्याच्यामागे पडदा नसतो, महाल नसतो, कपडेपटही जेमतेम असतो. खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला की तो पाटील, कमरेला बांधला की शिपाई, डोक्यावरून पदरासारखा घेतला की म्हातारी. सगळं भांडवल म्हणजे अंग आणि जीभ.

मराठीनं या शब्दाचा न्याय मात्र क्रियापदावर सोपवला आहे. सोंग 'घेणारा' आणि सोंग 'करणारा' संशयित असतो. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, असं आपण म्हणतोच. सोंग 'आणणारा' थोडा बरा, निदान त्याच्याकडे कसब असतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. सोंग 'काढणारा' नक्कल करून चिडवतो. पण सोंग 'वठलं' किंवा 'संपादलं' म्हटलं की शिवी तिथं संपते आणि दाद सुरू होते. नाम तेच राहिलं, माणूस तोच राहिला, शेवटचा शब्द तेवढा बदलला. इतर बाबतींत मराठी एवढी दिलदार नाही. 'नाटकं करू नकोस', 'तमाशा मांडलास', 'भारूड लावलंय', 'कीर्तन पुरे' ही सगळी घरगुती वाक्यं आपल्या रंगपरंपरेनं दिली आहेत, आणि त्यातलं एकही कौतुकाचं नाही.

अभिनय करणाऱ्याला बोल लावायची ही खोड मराठीची एकटीची नाही. संस्कृत अमरकोशात नटासाठी एकापाठोपाठ शब्द येतात: शैलालिन्, शैलूष, जायाजीव, कृशाश्विन्, भरत, नट, आणि त्यांच्या शेजारी चारण आणि कुशीलव. यांतले शैलालिन् आणि कृशाश्विन् हे दोन शब्द शिक्षकांच्या नावावरून आले आहेत. शिलाली आणि कृशाश्व यांनी नटांसाठी सूत्रं रचली होती, असं पाणिनीच्या व्याकरणावरून कळतं. ती सूत्रं आज उपलब्ध नाहीत, उरली ती फक्त व्याकरणाच्या दोन नियमांतली नोंद. म्हणजे भरताचं नाट्यशास्त्र हाती येण्यापूर्वीही नटाला शिकायला पुस्तक होतं आणि त्या पुस्तकावरून त्याला नाव मिळत होतं. पण त्याच ओळीत, या दोन विद्वान शब्दांच्या मधोमध, 'जायाजीव' बसला आहे: बायकोच्या जिवावर जगणारा. एका श्लोकात इतका मान आणि इतका अपमान शेजारी नांदताना क्वचित दिसतो.

पतंजलीनं महाभाष्यात तर व्यंजनांचा स्वभाव समजावून सांगायला नटाच्या बायकांचं उदाहरण घेतलं. रंगमंचावर त्यांना जो कुणी विचारील 'तुम्ही कुणाच्या?', त्याला त्या 'तुझ्याच, तुझ्याच' म्हणतात; तसं व्यंजनही ज्या स्वराला गरज असेल त्याचं होतं. व्याकरणाच्या वर्गात हशा पिकवायची ही युक्ती बावीसशे वर्षांपूर्वीची आहे. विद्यार्थी हसले असतील यात मला शंका नाही. शंका येते ती एवढीच, की नटाची बायको नाटकातलं वाक्य बोलत होती, हे त्यांच्यातल्या कुणाच्या ध्यानात आलं का.

कौटिल्यानं या मंडळींकडे करवसुलीच्या नजरेनं पाहिलं. नट, नर्तक, गायक, वादक, कुशीलव, दोरीवरचे कसरतपटू असे सगळे एका यादीत घालून, बाहेरगावाहून खेळ घेऊन येणाऱ्यांनी पाच पण कर भरावा, असं अर्थशास्त्र सांगतं. पावसाळ्यात कुशीलवांनी एका जागी राहावं, अशीही सूचना तिथं आहे. तमाशाचे फड आजही दसऱ्याला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडाशी घरी येतात. कौटिल्य वाचून कुणी बाहेर पडत नाही, हे सांगायला नको. तंबूला चिखल चालत नाही, इतकंच.

नटाला कमी का लेखतात, याचं कारण देणारी एक गोष्ट नाट्यशास्त्राच्याच शेवटी आली आहे. भरताचे पुत्र नाट्यविद्येत तरबेज झाले आणि त्यांनी ऋषींची टवाळी करणारे प्रयोग लावले. ऋषी संतापले आणि तुमचा वंश शूद्र होईल, असा शाप त्यांनी दिला. ग्रंथातल्या पहिल्या अध्यायात नाट्य हा पाचवा वेद असतो आणि शेवटच्या अध्यायात तो सादर करणारे जातीतून खाली ढकलले जातात. त्यांचा गुन्हा म्हणजे मोठ्या माणसांची नक्कल काढणं. सोंगाड्याचा मूळपुरुष शोधायचाच असेल तर तो मला या शापित पोरांत दिसतो.

आता मराठीकडे येऊ. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, सातमाळ्याच्या डोंगरपायथ्याशी पाटणं आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढला, तो हाच परिसर. त्या मठाच्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख विद्वानांमध्ये प्रसिद्ध आहे. राजांची आणि पंडितांची स्तुती त्यात संस्कृतात आहे. पण मठाला कुणाकडून काय मिळायचं, हा रोजच्या व्यवहाराचा भाग आला की लेख मराठीत उतरतो. वरच्या गोष्टी वरच्या भाषेत, बाजाराच्या गोष्टी बाजाराच्या भाषेत. ही वाटणी लक्षात ठेवा, तमाशात ती पुन्हा भेटणार आहे.

त्यानंतर शंभर वर्षांच्या आत, १२९० साली, ज्ञानेश्वरी आली. कर्मयोग समजावताना ज्ञानेश्वर बहुरूप्यांचा राजा आणि राणी डोळ्यांपुढे आणतात. त्या दोघांच्या मनात स्त्रीपुरुषभाव मुळीच नसतो, तरी लोकांसमोर ते सगळं तसंच्या तसं करून दाखवतात. ज्ञानी माणसानंही जगात असंच वागावं. तिथं ज्ञानेश्वरांनी वापरलेला शब्द आहे 'लोकसंपादणी'. सातशे वर्षांनंतरही सोंग 'संपादलं' म्हणताना आपण तेच क्रियापद वापरतो. मला यात मोठं वाटतं ते असं की इथं नटाला कुणी क्षमा केलेली नाही, कारण त्याच्यावर आरोपच नाही. संस्कृत वैयाकरणानं ज्या गोष्टीवर विनोद केला होता, नटाच्या मनात एक आणि तोंडी दुसरं, नेमकी तीच गोष्ट मराठी संतानं योग्याला आदर्श म्हणून दिली. राणीचं काम करणारा पुरुषच असणार, हेही या उदाहरणात गृहीत धरलेलं दिसतं.

संतांनी दिलेली ही पत व्यवहारात फार टिकली नाही. पेशवाईच्या कागदांत 'नाटकशाळा' हा शब्द भेटतो तेव्हा वाचक बिचकतो, कारण तिथं नाटकशाळा ही इमारत नसून बाई असते. पदरी ठेवलेली नाचणारी, गाणारी स्त्री. जिथं कला चालते त्या जागेचं नाव कला करणारीला चिकटलं आणि मग कलाही बाजूला पडून नुसतं 'ठेवलेली' एवढाच अर्थ उरला. 'पात्र' शब्दाचीही तीच गत. नाटकातलं पात्र सभ्य. पण उत्तरेत त्याच शब्दापासून नाचणाऱ्या बाईला 'पतुरिया' म्हणू लागले. 'कलावंत' म्हणवून घेणं आज मानाचं आहे, त्याचं स्त्रीलिंगी रूप 'कलावंतीण' मात्र कुणी स्वतःला लावून घेणार नाही. गोव्यात तर हा देवळांतल्या गाण्याबजावण्याशी बांधलेल्या समाजाचाच शब्द होता आणि त्या समाजानं विसाव्या शतकात तो अंगावरून उतरवून 'गोमंतक मराठा' हे नाव घेतलं. 'नट' आणि 'नटी' यांच्यातही हाच भेद. 'नटवर्य' असतो, 'नटसम्राट' असतो. 'नटी' म्हटलं की वाक्याचा सूर आपोआप खाली येतो. संस्कृत नाटकात नटी ही सूत्रधाराची बायको, नांदीनंतर येऊन ऋतूचं गाणं म्हणणारी. तिचं काय चुकलं कुणास ठाऊक. शेवटी वर्तमानपत्रांनी 'अभिनेत्री' हा शब्द पुढे केला आणि सगळ्यांची अडचण दूर केली.

या सगळ्या गर्दीत सोंगाड्या वेगळा पडतो, कारण तो स्वतःच स्वतःला सोंगाड्या म्हणवतो. फडात कोण काय, हे ठरलेलं असतं. सरदार असतो, ढोलकीवाला असतो, तुणतुण्याचा सूर धरणारे सुरत्ये असतात, नाच्या असतो, आणि सोंगाड्या. गण झाला की गौळण लागते. कृष्णाच्या बाजूनं पेंद्या आणि गौळणींच्या बाजूनं मावशी अशी झटापट होते, आणि सोंगाड्याला पहिला वाव तिथं मिळतो. मग बतावणी. तीत सरदार सरळ प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या वाकडं उत्तर देतो. त्यानंतर वग. वगात राजा असतो, प्रधान असतो, कट असतो, खून असतो, आणि या सगळ्याच्या पायात पायात करणारा एक शिपाई किंवा हुजऱ्या असतो. गोष्ट ऐतिहासिक असो की पौराणिक, हा शिपाई मात्र कालच्या बाजारातल्या कांद्याच्या भावावर बोलतो. त्याला दटावणं राजाला जमत नाही, कारण प्रेक्षक सोंगाड्याच्या बाजूला असतात.

खान्देशात आणखी एक गंमत घडते. घाटाखाली अहिराणी, कन्नडचा घाट चढला की मराठवाड्याची बोली. आणि देशावरून आलेल्या तमाशाची भाषा तिसरीच. राजा शुद्ध बोलतो, प्रधान शुद्ध बोलतो आणि खान्देशी सोंगाड्या अहिराणीत उतरला की तंबू हलतो. कालिदासाचा दुष्यंत संस्कृतात बोलतो आणि त्याचा मित्र विदूषक प्राकृतात, तोच हा बेत. पाटण्याच्या लेखात राजाची स्तुती एका भाषेत आणि हिशेब दुसऱ्या भाषेत होता. सोंगाड्या हिशेबाच्या भाषेत बोलतो.

त्याला संहिता नसते, हाच त्याचा जीव आणि हीच पुढे त्याची अडचण झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात आधी तमाशावर बंदी आली. ती उठल्यावरही १९५० च्या दशकात खेळाचा मजकूर तपासून घेण्याची व्यवस्था झाली. राजाची भाषणं लिहून देता येतात. सोंगाड्या आज रात्री काय बोलणार, हे संध्याकाळपर्यंत त्यालाही माहीत नसतं, ते कागदावर कसं द्यायचं? दादू इंदुरीकरांच्या 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार ज्यांनी वेगवेगळ्या गावांत पाहिला, ते सगळे एकच वग पाहिल्याचं सांगतात आणि वेगवेगळे विनोद आठवतात. कवलापूरच्या काळू-बाळूंची जोडी म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. त्यांनी चेहऱ्यांच्या सारखेपणावरच आयुष्यभर लोकांना हसवलं. त्यांच्या बाबतीत तर निसर्गानंच सोंग आणून दिलं होतं.

१९७१ साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' हा चित्रपट आला आणि हा शब्द तंबूतून शहरातल्या थिएटरच्या पाटीवर गेला. तमाशाच्या वेडानं झपाटलेला भोळा नाम्या लोकांना इतका आवडला की बऱ्याच शहरी मंडळींच्या मनात सोंगाड्या म्हणजे लोंबत्या नाडीची चड्डी घातलेला बावळट इसम, असं पक्कं बसलं. हा शब्दाचा फायदा झाला की तोटा, यावर वाद घालता येईल. मला तोटा जास्त दिसतो. फडातला सोंगाड्या बावळट नसतो. बावळटपणाचं सोंग आणून तो शहाण्यांना उघडं पाडतो. आता फडांच्या भित्तिपत्रकांवर 'विनोदसम्राट' आणि 'विनोदाचा बादशहा' छापतात. ज्या राजाची रात्रभर टर उडवायची, त्याचीच पदवी सोंगाड्याला देऊन ठेवली आहे.

संगीत नाटकवाल्यांनी सोंग हा शब्द टाळला. त्यांनी इंग्रजीतून 'पार्ट' घेतला. राजापार्ट, खलपार्ट, आणि बायकांच्या भूमिका करणारा तो स्त्रीपार्टी नट. या जातीचा सर्वांत मोठा नट, नारायणराव राजहंस, लहानपणी जळगावात होता आणि गाण्याचे पहिले धडे त्यानं तिथं मेहबूब खानांकडे घेतले. पुढे १९०५ साली तो किर्लोस्कर मंडळीत गेला आणि बालगंधर्व म्हणून गाजला. 'गंधर्व' ही पदवी लावली म्हणजे 'नट' म्हणायची गरज उरत नाही. पण बालगंधर्व जे करत होते ते ज्ञानेश्वरांच्या बहुरूपी राणीचंच काम होतं. खेड्यात ते कुणी केलं की त्याला 'नाच्या' म्हणतात आणि त्याच्या घरच्यांना मान खाली घालायला लावतात.

ग्रीकांकडेही बघून येऊ, कारण तिथं हा खेळ उलट्या दिशेनं चालला. प्राचीन अथेन्समध्ये नटाला 'हिपोक्रितेस' म्हणत. समूहगायकांना उत्तर देणारा, किंवा अर्थ उलगडणारा. शब्द सरळ होता, कामाचं वर्णन करणारा. काळाच्या ओघात त्याचा अर्थ 'वरवरचं दाखवणारा' असा झाला आणि इंग्रजीत पोचेपर्यंत 'हिपोक्रिट' म्हणजे निव्वळ दांभिक. तिथं नटाचा शब्द ढोंग्याकडे गेला. आपल्याकडे ढोंगाच्या शब्दातून नट निघाला. लॅटिनमधला 'पर्सोना' म्हणजे मुखवटा, आणि त्यातून इंग्रजीत 'पर्सन' म्हणजे माणूस निघाला, हेही जाता जाता सांगायला हवं, कारण मुखवटा आणि सोंग यांचा आपल्याकडचा हिशेब अजून राहिला आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यापासून जव्हार-मोखाड्यापर्यंत उन्हाळ्याच्या तोंडावर बोहाडा होतो. काही भागांत त्याला भवाडा म्हणतात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, भैरोबा असे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे चढवून माणसं मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर नाचत येतात. तिथं या प्रत्येक देवाला, राक्षसाला 'सोंग' म्हणतात. गणपतीचं सोंग आलं, नरसिंहाचं सोंग निघालं. अमुक सोंग अमुक घराण्याचं, असा मान ठरलेला असतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. सोंग समोर आलं की बायका ओवाळतात, पोरांना पायावर घालतात. इथं सोंगाला खोटं म्हणणारा गावात एकही माणूस सापडणार नाही. चैत्रातल्या 'सोंगी मुखवटे' या नाचालाही हाच अर्थ आहे. कोशात 'सोंग' पाहिलं तर 'खोटं रूप' हा अर्थ हमखास मिळतो. पण बोहाड्यातलं सोंग खोटं नसतं आणि खरंही नसतं; रात्रीपुरता तो देव असतो, आणि सकाळी मुखवटा घरातल्या आपल्या जागेवर ठेवून तो माणूस शेताकडे जातो.

खान्देशाच्या पश्चिम कडेला, साक्री-नवापूरपासून डांगाच्या सीमेपर्यंत, आदिवासी गावांत रात्रभर गाणी, नाच आणि हसवणूक करणारी मंडळं आहेत. त्यांना म्हणतात 'सोंगाड्या पार्टी'. नाटकवाल्यांनी 'पार्ट'ची केलेली पार्टी वेगळी, ही पार्टी म्हणजे मंडळी. फडाला सहसा मालकाचं किंवा मुख्य नायिकेचं नाव असतं; इथं सबंध मंडळच सोंगाड्याच्या नावानं चालतं. मोबाईलवर त्यांचे खेळ बघायचे तर कुणी 'लोकनाट्य' किंवा 'अभिनेता' असं शोधत नाही. पोरं दोनच शब्द टाइप करतात, आणि त्यांतला पहिला 'सोंगाड्या' असतो.